फादर संतापाव यांचे चरित्र आणि माझी एक चूक

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम अंग चोरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पत्र लिहिण्यापलीकडे माझ्या हाताला लेखणीची सवय नाही. शिवाय जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे इतर भगिनींनी आधीच घेतली होती. पण एक चरित्र गेली तीन वर्षे माझ्या मनात घर करून बसले आहे, आणि ते लिहिल्यावाचून मला चैन पडणार नाही हे मी जाणून होते. त्या चरित्राबरोबर मला माझी एक चूकही कबूल करायची आहे. ती चूक तुम्हां सर्वांच्या साक्षीने झाली. परंतु ती चूक होती हे फक्त मला ठाऊक आहे.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांचे नाव फादर हर्मेनेगिल्ड संतापाव. नाव ऐकून आमच्या सासूबाईंना ते कोणी संत वाटले. त्या अगदीच चुकल्या असे म्हणवत नाही. ते ख्रिस्ती धर्मगुरू होते, परंतु देशभर त्यांची ख्याती झाली ती वनस्पतींचे जाणकार म्हणून. आपल्या सह्याद्रीतील गवत, वेल, झुडूप यांची ओळख पटविण्यात त्यांनी आयुष्य वेचले. रानफुलाची ओळख म्हणजे काय, हे मला त्यांच्या चरित्रातून कळले, आणि कळले ते उशिरा.

आधी माझी गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी श्रावणात आपण म्हैसमाळला सहल नेली होती, ती आठवत असेल. गिरिजामातेचे दर्शन झाले, डबे सोडले, भुरभुर पाऊस चालू होता. जेवणानंतर बऱ्याचजणी झाडाखाली भेंड्या खेळत बसल्या. मी पाय मोकळे करावे म्हणून माळाच्या कडेने जरा लांब गेले. तेथे मला एक वेल दिसला. त्याला बोटाच्या दोन पेरांएवढी फुले होती. फूल कसले, नळीच ती! खाली फुगीर, मधे निमुळती, हिरवट रंगाची. आणि वरच्या तोंडाशी जांभळट पाकळ्यांची टोके एकमेकांना चिकटून झालेला इवलासा पिंजरा. जणू दिवाळीचा आकाशकंदीलच कोणी मुंग्यांसाठी करून टांगला होता.

मला मोह झाला. गौरीगणपतीच्या वेळी आपली कुंडीस्पर्धा असते. दोन वर्षे माझ्या गुलाबाला कोणी विचारले नव्हते. मी वेल बुडाशी धरून ओढला. तो सहजी येईना, तेव्हा काडीने उकरले आणि जोर केला. खाली एक चपटा, गोल कंद होता. त्याचा अर्धा तुकडा माझ्या हाती आला, अर्धा जमिनीतच राहिला. मी ते सारे ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीत घातले आणि कोणाला काही बोलले नाही.

घरी येऊन चांगली काळी माती आणि शेणखत घालून मी तो वेल कुंडीत लावला, आधाराला बांबूची काडी रोवली आणि रोज सकाळसंध्याकाळ पाणी घातले. स्पर्धेच्या दिवशी त्यावर तीन फुले उभी होती. तुम्ही सर्वांनी कौतुक केले. मला पहिला क्रमांक मिळाला आणि स्टीलचा मोठा डबा मिळाला. हे रोप कोठून आणले असे कित्येकींनी विचारले. मी माहेरहून आणले असे सांगितले. पुढे फांदी मागायला दोघीतिघी घरी आल्या, तेव्हा कुंडी परत माहेरी पाठविली असे सांगितले. भगिनींनो, तेही खरे नव्हते. स्पर्धेनंतर पंधरा दिवसांतच वेल बुडाशी काळा पडून कुजला होता. दसऱ्याला मी ती कुंडी रिकामी करून त्यात झेंडू लावला.

आमची थोरली लेक पुण्याला राहून वनस्पतिशास्त्र शिकते. ती दिवाळीला आली तेव्हा मोबाइलमधील बक्षिसाचा फोटो मी मोठ्या हौशीने तिला दाखविला. ती डब्याकडे पाहीना, माझ्याकडे पाहीना, नुसती त्या कुंडीकडे पाहत राहिली. तिने सांगितले की ही खर्पुडी आहे, हिला कंदीलपुष्पही म्हणतात. मग ती एकेक विचारू लागली. वेल कशावर चढला होता? काटेरी झुडूप होते की गवत? जमीन मुरमाड होती की काळी? उतारावर होता की सपाटीवर? उन्हात की सावलीत? आसपास तसे आणखी वेल किती होते? मला एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता येईना. फूल माझ्या डोळ्यांपुढे जसेच्या तसे होते, परंतु त्याची जागा मी पाहिलीच नव्हती. जे मी उपटून घरी आणले त्याचा पत्ताही मला सांगता आला नाही, याची मला फार शरम वाटली.

लेक रागावली नाही. रात्री निजताना तिने मला फादर संतापाव यांची हकिगत सांगितली. पुढे सुटीत येई तेव्हा ती त्यांच्याविषयीचे इंग्रजी लेख वाचून त्यांचा अर्थ मला मराठीत सांगत असे. मी लसूण सोलत, भाजी निवडत ऐकत असे. त्यातून जे मनात राहिले ते येथे लिहिते.

हर्मेनेगिल्ड संतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेन देशात, तारागोना प्रांतातील ला गालेरा नावाच्या गावी झाला. ते येशूसंघ या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघात दाखल झाले आणि १९२८ साली भारतात आले. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचेही नव्हते, किंवा नुकतेच झाले असतील. आपण मुलगी सासरी धाडतो तेव्हा चार तासांच्या वाटेवर असली तरी डोळ्यांत पाणी येते. या तरुणाने घर, भाषा, अन्न, हवा सारेच सोडले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्वही घेतले आणि त्यांचे देहावसानही येथेच झाले.

वनस्पतिशास्त्राचा उच्च अभ्यास त्यांनी लंडनला केला. तेथे क्यू येथे जगप्रसिद्ध वनस्पतिउद्यान आहे, आणि देशोदेशींच्या वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रहही आहे. पदवी घेऊन ते परतले आणि १९४० पासून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवू लागले. या कॉलेजात ब्लॅटर नावाच्या स्विस धर्मगुरूंनी त्यांच्याआधी वनस्पतींचा अभ्यास चालविला होता. फादर ब्लॅटर १९३४ साली वारले. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह अजून तेथे आहे आणि त्यात लाखाहून अधिक नमुने जपून ठेवलेले आहेत. फादर संतापाव यांनी तो वारसा पुढे नेला.

नमुना म्हणजे काय, ते माझ्यासारखीला ठाऊक नव्हते म्हणून सांगते. रानातून फुलासह एक फांदी घ्यायची, ती कागदांच्या घड्यांत दाबून ठेवायची, ओल शोषली जाईल तसे कागद बदलायचे. आपण पापड वाळवताना जशी उलथापालथ करतो तशीच काळजी. पूर्ण वाळली की जाड कागदावर चिकटवायची. पण खरे महत्त्व कोपऱ्यातल्या चिठ्ठीला असते. फांदी कोठे मिळाली, कोणत्या तारखेला, जमीन कशी होती, झाड केवढे होते, फुलाचा रंग कोणता होता, गोळा कोणी केली, हे सारे त्या चिठ्ठीवर लिहितात. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, म्हणून तो जागेवरच टिपावा लागतो. चिठ्ठी नसेल तर नमुना जवळजवळ फुकट. माझ्या कुंडीला अशी चिठ्ठी नव्हती. असती तर त्यावर माहेर असे खोटेच लिहिलेले असते.

फादर संतापाव यांची विशेष माया खंडाळ्यावर होती. एकदा जाऊन सुंदर फुले पाहून यायचे, अशी त्यांची रीत नव्हती. वर्षानुवर्षे ते त्याच डोंगरात परत परत जात राहिले. कारण वनस्पती सगळ्या एकदम भेटत नाहीत. काही पहिल्या पावसाबरोबर पानाआधी फुलतात, काही भाद्रपदात, काही थंडीत. करवीसारखे झुडूप तर सात-आठ वर्षांतून एकदा सारे मिळून फुलते आणि मरते. एका श्रावणात जाऊन आलेला माणूस त्या डोंगराला ओळखतो असे म्हणता येत नाही. या पायपिटीतून त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली निघाला. पुरंदर किल्ल्याच्या परिसरावर त्यांनी असेच पुस्तक लिहिले, आणि सौराष्ट्रातील वनस्पतींवरही लिहिले. खंडाळ्याच्या ग्रंथाच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढे निघाल्या. १९६७ साली तिसरी निघाली. इतका विद्वान माणूस, तरी आपल्याच पुस्तकात भर घालावी, दुरुस्त्या कराव्या, याचा त्यांना कमीपणा वाटला नाही. ही गोष्ट लेकीने सांगितली तेव्हा मी निवडायची मेथी हातात तशीच धरून बसले. चूक झाली तर छापलेलेही दुरुस्त करायचे असते, आणि मी तर नुसती तोंडाने बोलले होते.

आता माझ्या खर्पुडीकडे वळते. ती ज्या कुळातली आहे त्या कुळाशी आपली सर्वांची ओळख आहे. मारुतीला वाहतो ती रुई, कुंपणावरची उतरण, भाजीची हरणदोडी ही सारी तिची भावंडे. उपळसरी, जिचे सरबत आपण उन्हाळ्यात करतो, तीही जवळच्याच नात्यातली. रुईची शेंग उकलली की रेशमी झुपका लावलेले बी उडते, त्याला आपली मुले म्हातारी म्हणतात. खर्पुडीच्या बियांनाही तसाच झुपका असतो. या सगळ्या गोतावळ्यावर फादर संतापाव आणि त्यांचे सहकारी इराणी यांनी १९६२ साली मुंबई विद्यापीठातर्फे एक पुस्तक प्रसिद्ध केले. जुन्या मुंबई इलाख्यात यांपैकी काय काय सापडते आणि ते ओळखायचे कसे, हे त्यात आहे.

खर्पुडीच्या जाती महाराष्ट्रात वीसच्या आसपास आहेत. त्यांतल्या बऱ्याच फक्त सह्याद्रीतच होतात, जगात इतरत्र कोठेही नाहीत. काही वेल असतात, काही ताठ उभी रोपे असतात. नुसत्या पानावरून त्या ओळखणे फार कठीण. फूल यावे लागते. मग नळीची लांबी, खालचा फुगवटा, पिंजऱ्याची घडण, आतील केस आणि अगदी तळाशी असलेला बारीकसा मुकुटासारखा भाग भिंगातून पाहावा लागतो. ते केस खाली वळलेले असतात. वासाने आलेली चिलटासारखी बारीक माशी नळीत उतरते आणि केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. आत ती धडपडते, तिच्या अंगाला पराग चिकटतात. पुढे केस सुकले, फूल वाकले की ती सुटते आणि दुसऱ्या कंदिलात जाऊन तेच परागकण पोहोचविते. म्हणजे तो आकाशकंदील शोभेचा नाही, त्याच्या आत संसार चाललेला असतो. माझ्या गॅलरीत तिसऱ्या मजल्यावर ती माशी कोठून येणार होती?

मला मिळालेली जात आपल्या मराठवाड्यात आणि इतर राज्यांतही होते. ती सर्वांत दुर्मिळ नव्हे. परंतु कंदासाठी गुराखी ती उकरतात, रानडुकरे उकरतात, गुरे शेंडे खातात. म्हणून ती बहुधा काटेरी झुडुपाच्या पोटात वाढते. काटे तिची राखण करतात, झुडूप तिला आधार आणि सावली देते. मुरमाड जमिनीतून पाणी झटकन निचरते, म्हणून कंद कुजत नाही. उन्हाळ्यात वरचा वेल वाळून जातो आणि कंद जमिनीखाली पुढच्या पावसाची वाट पाहतो. मी तिला काय दिले? काट्यांऐवजी बांबूची काडी, मुरमाऐवजी काळी चिकट माती, आणि दोन वेळा पाणी. त्यात कंद तुटलेला. मी लाड केले आणि त्या लाडांनी तिचा जीव घेतला.

याच कुळात आपल्या महाराष्ट्राचे एक अतिशय दुर्मिळ रत्न आहे. त्याला शास्त्रात फ्रेरिया म्हणतात. मराठीत शिंदळ माकुडी असे नाव आहे. डोंगरची माणसे ज्या माकडशिंगीची भाजी करतात, तिची ही बहीण. १८६० नंतरच्या दशकात डाल्झेल नावाच्या स्कॉटिश वनाधिकाऱ्याने तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेयर यांचे नाव तिला दिले. मांसल दांडे, पावसाळ्यात येणारी जाडसर पाने, आणि चांदणीसारखे काळपट लाल फूल, त्यावर पिवळ्या खुणा. ही वनस्पती उभ्या कड्यांच्या भेगांत वाढते. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा अशा मोजक्या जागी ती सापडली आहे. गेल्या भाद्रपदात लेकीने मला शिवनेरीवर नेले. तिने खालून कड्याकडे बोट दाखविले. माझ्या डोळ्यांना काळा कातळ आणि थोडे हिरवे यापलीकडे काही दिसले नाही. परंतु मला वाईट वाटले नाही. जेथे माझा हात पोहोचत नाही तेथे ते फूल सुखरूप आहे, असे मनात आले.

फादर संतापाव यांच्या चरित्रात एक वादाची बाजूही आहे, ती लपवू नये असे मला वाटते. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या सरकारने भारतीय वनस्पती सर्वेक्षण या जुन्या खात्याला नवे रूप देण्याचे काम एका स्त्रीकडे सोपविले. त्या म्हणजे डॉ. जानकी अम्माळ. केरळमधील तेल्लिचेरी गावच्या, १८९७ सालच्या जन्मलेल्या. मुलींना शाळा दुर्मिळ होती त्या काळात परदेशी जाऊन त्या मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या. आपल्या उसाच्या जातींवर त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. १९५४ साली खात्याची पुनर्रचना झाली आणि त्याचे मुख्य म्हणून फादर संतापाव यांची नेमणूक झाली. जानकीबाईंना हे रुचले नाही. भारतातील वनस्पतींचा अभ्यास भारतीयांनी आपल्या दृष्टीने करावा, क्यूच्या वळणाने नव्हे, असे त्यांचे मत होते. मला दोन्ही बाजू पटतात. आपल्या अंगणातील फुलाचे नाव परक्याने ठेवावे आणि ते गव्हर्नराच्या नावावरून ठेवावे, हे ऐकून मलाही खुपले होते. पण मग मनाला विचारले, मी तर येथलीच, म्हैसमाळ मला घरासारखे. मी त्या वेलाला कोणता न्याय दिला? आपलेपण जन्माने मिळते, ओळख मात्र कष्टाने करून घ्यावी लागते.

सर्वेक्षणाचे प्रमुख म्हणून फादर संतापाव यांनी काही वर्षे काम केले. या खात्याच्या पश्चिम विभागाची शाखा १९५५ साली पुण्याला निघाली. महाराष्ट्रातील वनस्पतींचा शोध घेणाऱ्या कित्येक शास्त्रज्ञांनी पुढे तेथे काम केले. मुंबई इलाख्यातील वनस्पतींविषयी थिओडोर कुक यांचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा मोठा ग्रंथ दुर्मिळ झाला होता. त्याचे पुनर्मुद्रण १९५८ साली याच खात्याने केले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हाती ते ज्ञान परत आले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या संपादनातही त्यांचा वाटा होता. विद्वानांसाठी ग्रंथ लिहीत असतानाच सामान्य वाचकांसाठी नेहमीच्या झाडांची ओळख करून देणारे पुस्तक त्यांनी लिहिले. ते नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली काढले.

१९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या हयातीतच सह्याद्रीतील खर्पुडीच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मूलबाळ नाही, घरदार नाही. पण दरवर्षी पावसाळ्यात डोंगरावर एक नाजूक कंदील त्यांच्या नावाने उजळतो. यापेक्षा सुंदर स्मारक मला सुचत नाही.

आपल्या मराठवाड्याकडेही कोणाचे लक्ष गेले नाही असे नाही. आपल्याच विद्यापीठातील प्राध्यापक वि. ना. नाईक यांनी मराठवाड्यातील वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो १९९८ साली आपल्याच शहरात दोन खंडांत प्रसिद्ध झाला. लेकीने तो मला दाखविला तेव्हा मी त्यावर नुसता हात फिरविला. आपल्या माळावरच्या गवतालाही कोणीतरी नावाने हाक मारली आहे, हे पाहून ऊर भरून आला.

यंदाच्या श्रावणात मी आणि लेक पुन्हा म्हैसमाळला गेलो. जागा कोठली ते मी येथे लिहीत नाही, आणि तोंडीही सांगणार नाही, रागावू नका. हल्ली लोक फोटोबरोबर ठिकाणही पाठवून देतात आणि आठ दिवसांत तेथे खड्डे दिसतात. मी ज्या ठिकाणी वेल उपटला होता तेथे बराच वेळ शोधले. जमिनीत राहिलेला अर्धा कंद फुटला असेल अशी वेडी आशा होती. तेथे काही नव्हते. मग थोड्या अंतरावर एका काटेरी झुडुपाच्या आत लेकीला एक वेल सापडला. त्यावर दोन कंदील होते. या वेळी मी काट्यांत हात घातला नाही. गुडघे टेकून पाहिले आणि वहीत लिहिले. दिवस, तिथी, जमीन मुरमाड, उतार थोडा, झुडूप काटेरी, सावली अर्धी, वेल एक, फुले दोन, शेंग नाही. माझ्या हातची ही पहिली खरी चिठ्ठी.

भगिनींनो, स्टीलचा तो डबा मी चिटणीसबाईंकडे परत दिला आहे. हळदीकुंकवाच्या वेळी साखर ठेवायला तो मंडळाच्या उपयोगी पडेल. ज्यांना मी खोटे सांगितले त्यांची या निमित्ताने क्षमा मागते. आणि एक विनंती करते. पुढच्या सहलीला प्रत्येकीने एक छोटी वही घ्यावी. अनोळखी फूल दिसले तर पाच गोष्टी टिपाव्या: ते वेल आहे की रोप, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, फुलाचा आकार व रंग, जमीन व उतार, आणि त्याच्या शेजारी काय उगवले आहे. फोटो काढावा, पण हात लावू नये. कुंडीस्पर्धेत रानातून उपटलेले रोप ठेवू नये, असा नियम मंडळाने करावा; त्याच्या पहिल्या ओळीखाली मी सही करीन.

फादर संतापाव हजारो कोसांवरून आले आणि आपल्या मातीत रुजले. माणसाला ते जमते, आपल्यालाही लग्नानंतर जमलेच की. त्या वेलाला मात्र माळावरून माझ्या गॅलरीपर्यंतचा प्रवासही सोसला नाही. म्हणून आपणच त्याच्याकडे जावे, त्याला त्याच्या घरी भेटावे आणि परत यावे.

लिहिण्यात काही चूकभूल झाली असेल तर पदरात घ्यावी.